दोन टोले

थोरल्यानं सांडशी उचलली आणि सख्ख्या धाकट्या भावाच्या डोक्यात घातली. मी समोरच्या दुकानात खोगीर शिवत बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलंय, ऐकीव सांगत नाही.

मंदी आल्यापासून नांगराचा नवा फाळ कुणी करून घेत नव्हतं, जुन्यालाच धार लावून नेत. तेव्हा सरकारनं ठरवलं, छोट्या दुकानदारानं शिकाऊ माणूस कामावरून काढला नाही, तर त्याचा अर्धा पगार सरकार भरील. धाकटा लोहार, आणि त्याच्याकडं घण मारायला होती विहीर खणणाऱ्याची मुलगी. गाव तिला दांडगी म्हणे. बाप विहिरीत दबून मेलेला, घरची चूल हिच्या दंडांवर. थोरल्याचा दुकानात नुसता वाटा, हात कधी काळा झाला नाही. त्याला तिच्या जागी शिकाऊ म्हणून आपला लेक उभा करायचा होता, म्हणजे सरकारी पैसा घरात. आयत्या बिळावर नागोबा! आणि तपासणीचा साहेब आजच यायचा होता.

"दादा, तुझ्या लेकाला भाता तरी ओढता येतो का रे?" धाकटा म्हणाला होता.

"साहेबापुढं उभं राहता येतं. तेवढं पुरे."

"आणि ही कुठं जाईल?"

"जाऊ दे बापामागं विहिरीत!"

त्यावर धाकटा अंगावर धावला आणि सांडशी बसली. तो ऐरणीपाशी कोसळला, तरी थोरला त्याच्या बरगडीत लाथा घालतच होता. दांडगी मधे पडली. त्यानं सांडशीनं भट्टीतला लाल फाळ ओढून तिच्या हाताला टेकवला. जळक्या कातड्याचा वास माझ्या दुकानापर्यंत आला. मी खोगिरामागंच बसून राहिलो, लाज वाटते सांगायला.

दांडगीनं त्याला एका धक्क्यात राखेत लोळवला आणि दोन्ही हातांनी घण उचलला. मेला, म्हटलं, हा आता मेला.

लोहारकामात बोलून भागत नाही. लोहाराची हातोडी ऐरणीवर दोनदा वाजली की घण थांबवायचा. नवी असताना हिनं एकदा ऐकलं नव्हतं, तेव्हा धाकट्याचं बोट ठेचलं होतं. ते वाकडं बोट तिला रोज दिसे.

टण्. टण्.

पडल्या जागेवरूनच धाकट्यानं ऐरणीवर हातोडी वाजवली होती. खाली यायला निघालेला घण वळला आणि थोरल्याच्या कानाशेजारी पाण्याच्या कुंडीवर बसला. कुंडीचे तुकडे झाले.

दारात साहेब उभा. चेहरा पांढराफटक. "शि... शिकाऊ कोण इथं?"

"ही! हीच साहेब, हीच!" थोरला राखेतूनच ओरडला.

"काही शिकली का?"

धाकट्यानं डोळ्यांवरचं रक्त पुसलं.

"मारायचं तिला पहिल्यापासून येत होतं, साहेब. थांबायला शिकली."

दांडगीनं फाळ पुन्हा भट्टीत सारला आणि भाजल्या हातानं भाता ओढायला घेतला.