सासऱ्यांनी खाल्लेलं चॉकलेट

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या त्या चक्क धावत. एरवी गुडघे दुखतात म्हणून चहाचा कपसुद्धा मी हातात नेऊन द्यायचा, अशी ही बाई.

"मिवा, त्यांनी खाल्लं! सगळं खाल्लं!"

"कोणी? काय?"

"कोणी काय कोणी! तुझ्या सासऱ्यांनी! चॉकलेट!"

सासरे जाऊन चार महिने झाले होते. चौदा फेब्रुवारीला आमच्या जपानात बायका पुरुषांना चॉकलेट देतात, आणि सासूबाईंनी लग्नापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. नवरा गेला म्हणून काय झालं? त्या दिवशीही त्यांनी पितरांच्या देव्हाऱ्यात, फोटोपुढे, भाताच्या वाटीशेजारी चॉकलेटचा डबा ठेवला, घंटी वाजवली आणि हात जोडले. चॉकलेट सासऱ्यांच्या आवडीचं, काळंकुट्ट, कडू, वरून कोकोची पूड. झाकणही काढून ठेवलं, कारण "त्यांना कधी मेलं झाकण उघडता आलंय?"

मी जाऊन पाहिलं. डबा चाटूनपुसून स्वच्छ होता. भाताची वाटीही रिकामी.

"भूक लागली असणार हो त्यांना," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

त्याच खोलीत सासऱ्यांचा लाडका कुत्रा गोन्ता गोल गोल फिरत होता, जीभ बाहेर काढून धापा टाकत. हा म्हातारा हिवाळाभर रजईतून शेपटीसुद्धा बाहेर काढत नाही.

"बघ कसा नाचतोय! त्याला दिसले असणार ते. कुत्र्यांना दिसतं."

गोन्ताच्या मिशांना कोको लागला होता.

कुत्र्याला चॉकलेट म्हणजे विष, आणि जितकं कडू तितकं जास्त वाईट, एवढं मला ठाऊक होतं. पण चार महिन्यांत सासूबाई पहिल्यांदाच हसत होत्या. मी तशी फटकळ, कुणाची भीड ठेवत नाही. तरी त्या हसण्यापुढे माझी जीभ उचलेना.

"आई, गोन्ताला दवाखान्यात न्यायचंय. कोट घाला."

"आज? आज ते घरी आलेत आणि मी बाहेर जाऊ?"

"कोट घाला म्हणते ना!"

नवरा कामावर होता, पण गाडी घरी होती. बर्फातून मी ती कशी हाकली, माझं मला माहीत.

डॉक्टर ओगुरी माझ्याच वयाची. तिने गोन्ताच्या छातीला नळी लावली आणि तिचा चेहरा उतरला. "ठोके फार जोरात पडतायत. काय खाल्लंय याने?"

"चॉकलेट. कडू. डबाभर. नुकतंच," मी म्हणाले.

"त्याने नाही खाल्लं," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. "माझ्या यजमानांनी खाल्लंय."

"बरं. ते कुठे आहेत?"

"देव्हाऱ्यात."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

मग ती सासूबाईंपुढे खाली बसली. "आजी, उलटीची सुई द्यायची तर आत्ताच. विष अंगात भिनलं की झटके येतात, हृदय बंद पडू शकतं. पण हा म्हातारा आहे, सुईचाही त्रास होईल. पोटात चॉकलेट नसेल तर उगाच कशाला? कुत्रा तुमचा आहे. मी काय करू, ते तुम्ही सांगा."

गोन्ता टेबलावर थरथरत होता. सासूबाईंनी त्याच्या मिशांवरून एक बोट फिरवलं, ते पाहिलं, हुंगलं. मला वाटलं, आता ही बाई कोसळणार.

"मेलेली माणसं चॉकलेट खात नाहीत," त्या म्हणाल्या. "द्या सुई."

थोड्याच वेळात गोन्ताने सगळं बाहेर काढलं. आधी भात, मग चॉकलेट, मग आणखी चॉकलेट. इतकी किळसवाणी गोष्ट पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. डॉक्टर तर टाळ्याच वाजवायला लागली.

आणि अंत्यविधीला ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, त्या सासूबाई हमसून हमसून रडायला लागल्या. रडता रडता तोंडाचा पट्टा सुरू. "हावरट मेला! चोर! एक मला न विचारता गेला, आता तूही निघाला होतास होय रे?" गोन्ताने ओशाळून कान पाडले. त्याचं ते ध्यान पाहून सासूबाईंना हसू फुटलं, मग मलाही. आम्हाला आवरता आवरेना.

सलाईन लावून संध्याकाळपर्यंत त्याला तिथेच ठेवलं. ठोके जागेवर आल्यावर डॉक्टरने त्याला घरी सोडलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

"चला गोन्तासाहेब," त्या त्याच्या कानात म्हणाल्या. "ते काही येत नाहीत आता. आपण दोघंच."

"दोघंच?" मी मागे वळून म्हटलं. "आणि मी कोण, भाडेकरू?"

"तू पुढे बघ आणि गाडी नीट चालव," सासूबाई खेकसल्या. "माझी दोन्ही लेकरं बसलीत या गाडीत."

कुत्र्याच्या रांगेत बसवल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.