थंडाबाईची बदली

ऑफिसात तिला सगळे थंडाबाई म्हणायचे. काम वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर ऐकून घेण्याचं. गिऱ्हाइकानं शिव्यांची लाखोली वाहिली तरी ही आपली "हो साहेब, समजलं साहेब" करत मेकॅनिकची वेळ ठरवून द्यायची. हे सगळं चालायचं लग्नानंतर इथे येऊन शिकलेल्या भाषेत. त्या भाषेतल्या शिव्या तिला कळायच्या, पण लागायच्या नाहीत.

मग तिच्या माहेरच्या भाषेतली गिऱ्हाइकं वाढली आणि मॅनेजरनं तिला त्या लाइनवर बसवलं. "तुझीच भाषा. तुला तर सुटी मिळाल्यासारखंच," तो म्हणाला.

पहिल्याच सकाळी एका आजोबांनी विचारलं, "काय गं, घरी कुणी वळण लावलं नाही का?"

याहून घाणेरडं तिनं रोज पचवलं होतं. पण हे वाक्य तिची आत्या अगदी याच सुरात म्हणायची. तिचे कान तापले.

"आजोबा, माझं वळण काढू नका! मशीनचं बोला!" म्हणत तिनं फोन आदळला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण बघतच राहिली.

पुढेही तेच. कुणी बाई "निर्लज्ज" म्हणाली की ही तिलाच उलट सुनवायची. घरी आली की भांड्यांची आदळआपट. मुलगी म्हणाली, "आई, तू आम्हाला इथल्या भाषेत ओरड ना. त्यात तू ओरडलीस तरी काही वाटत नाही."

नवऱ्यानं तोडगा काढला. "समोरचा बोलेल ते मनात आधी इथल्या भाषेत फिरवून घे, मग उत्तर दे."

तिनं करून पाहिलं. राग निवायचा खरा, पण तेवढ्यात पलीकडून "अहो, झोपलात का?" यायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

शेवटी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. त्याला हिची भाषा येत नव्हती. आतून ती रडकुंडीला आली होती, तोंडातून मात्र निघालं, "सर, मला थोडी अडचण होते आहे. शक्य असल्यास जुनी लाइन द्यावी." त्याच्या भाषेतले रागाचे शब्द माहीत होते, पण जिभेवर आले की दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखे ढगळ व्हायचे.

मॅनेजर हसला. "इतकं शांतपणे सांगतेयस, म्हणजे अडचण काही मोठी नाही. होईल सवय."

मग तिचा बांध फुटला, तो थेट माहेरच्या भाषेत. "सवय? तुमची आत्या रोज कानात बसून उणंदुणं काढू दे, मग विचारते सवयीचं! दगडालासुद्धा पाझर फुटतो हो, पण तुम्हाला नाही!"

आवाज ऐकून मैत्रीण धावत दाराशी आली. मॅनेजर भांबावला होता. "काय म्हणतेय ही?"

मैत्रिणीला दोन्ही भाषा यायच्या, आणि नोकरीही प्यारी होती. "घसा कोरडा पडलाय म्हणतेय, सर. पाणी हवंय."

मॅनेजरनं लगबगीनं स्वतः ग्लास भरून आणला. आता काय बोलणार, कपाळ? ती उभ्याउभ्याच पाणी प्यायली, त्याच्या भाषेत त्याचे नीट आभार मानले आणि जागेवर जाऊन वाजणारा फोन उचलला.

लाइन बदलली नाही ती नाहीच. मैत्रिणीशी मात्र ती कित्येक दिवस बोलली नाही, कुठल्याच भाषेत.