चौकटीबाहेरचा ठिपका

डोंगराच्या पोटात टाकी होती, चार मजली घर सहज बुडेल एवढी. काळं, स्थिर पाणी. भिंतीभर सोनेरी काचेचे, उजेड टिपणारे डोळे. पाण्यातला एखादा प्रोटॉन कधीतरी आपणहून फुटेल, उजेडाचं निळसर कडं उमटेल, म्हणून ते वर्षानुवर्षं टक लावून होते.

दोघी बहिणींतली ताई सूत्रं मांडणारी. प्रोटॉन फुटेल, असं तिचं सूत्र सांगायचं. निसर्गातली तीन बलं मुळात एकच, आणि प्रत्येक कणाला एक जड, अदृश्य जोडीदार. या जोडीदारांच्या कल्पनेला सुपरसिमेट्री म्हणतात. नाव ऐकून दबून जायचं कारण नाही. देखणी कल्पना आहे, पण जोडीदार एकदाही सापडला नाही. दर वेळी ताई म्हणायची, "अजून जड असतील," आणि प्रोटॉन किती काळाने फुटेल तो आकडा वर सरकवायची. ही निव्वळ पळवाट. मोठमोठे हेच करतात, वर हारतुरेही घेतात.

धाकटी टाकीवर कामाला. तिथली रीत कडक: आलेखात जिथे प्रोटॉन फुटल्याची खूण सापडायला हवी ती चौकट झाकून ठेवायची, तिच्या रेघा पक्क्या झाल्यावरच उघडायची. मनासारखं बघायची सोयच नाही.

"या वेळी आकडा आधी फळ्यावर लिही," धाकटी म्हणाली.

"सासू झालीस का माझी?"

"लिही ग, ताई."

ताईने लिहिला. "चौकट रिकामी निघाली तर माझं सूत्र मेलं. झालं समाधान?"

धाकटीने चौकट उघडली. आत काही नाही. बाहेर, कडेला अगदी चिकटून, एकच ठिपका, म्हणजे टाकीत टिपलेली एक चमक.

"हाच तो!" ताईचा आवाज चिरकला. "रेघ जरा इकडे घे. केसभर."

"रेघ ठरलीय."

"बहीण आहेस की वैरीण?"

"वैरीण असते तर घेतली असती. मग जग हसलं असतं तुला."

ताईने खडू उचलला. मग तिने आपल्याच आकड्यावर आडवी रेघ मारली.

त्याच दिवशी टाकी दुरुस्तीसाठी उघडली होती. धाकटीने ताईला रबरी होडीत बसवून आत नेलं. होडी पाण्यावर नव्हे, झोपेवर तरंगत असावी तशी सरकत होती.

"एवढे प्रोटॉन, आणि एकही फुटेना मेला."

"हट्टी आहेत. तुझ्यावर गेलेत."

ताई हसली, आणि खडूने माखलेला हात पाण्यात घालायला वाकली.

"अगं, एवढं शुद्ध केलेलं पाणी खराब होईल!"

ताईने हात आपल्याच बाहीला पुसला. काचेचे डोळे तिच्याकडे बघत होते. त्यांना काही दिसलं नव्हतं, आणि तेवढंच ते सांगत होते.