बोटभर फट

"हलका म्हणजे किती हलका, बाबा?"

लवूचा आवाज कुठल्यातरी परक्या बंदरातून येत होता, खरखरत, मधेच बुडत. वजीरभाईंच्या ओटीवर काशीराम रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभा होता. क्षणापूर्वी त्याच्यासारखा सुखी माणूस अख्ख्या आळीत नव्हता. आज नातीचं बारसं. नाव बापाने ठेवायचं आणि ते आजोबाने पाळण्यात सांगायचं, असं ठरलेलं. लवूने नाव सांगितलं होतं आणि काशीरामाने ते नवसाच्या नारळासारखं जपून मनात ठेवलं होतं. मग लवूने विचारलं, निळू कसा आहे. तो मेला, परवाच पुरला, असं काशीरामाने सांगून टाकलं.

"हलका म्हणजे कांद्याच्या सालीसारखा," काशीराम म्हणाला. "सांडशीत धरला तर सांडशीला वजन कळला नाय."

"पाठीवरचं टोपण उघडं होतं?"

"होय. मला वाटला, मुंग्यांनी खाल्लानी."

मग लवू हळू बोलला, लहान मुलाला समजावावं तसा. "बाबा, ती कात होती. निळू मेला नाय. बिळात बसला असेल, आधीपेक्षा मोठा होऊन. झाकण आहे ना काचेवर? बाबा, झाकण..."

लाईन गेली.

वजीरभाई आरामखुर्चीत पाय जमिनीला टेकून बसले होते. तीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस. त्यांचा झुबेर आणि लवू एकाच बोटीवर, म्हणून फोन यांच्याकडे यायचा. "काय रे, तोंड असा का केलास? नाव आवडला नाय?"

"वजीरभाई, तो जिवंत आहे."

"कोण?"

"निळू."

वजीरभाईंनी दोन्ही पाय अलगद उचलून खुर्चीवर घेतले. "मग इथे उभा कशाला ऱ्हवलास? जा. पळू नको, बायका बघतील. चाल. पण बेगीन चाल."

काशीराम निघाला. घर वरच्या आळीत, चढ अंगावर येणारा.

दोन वर्षांपूर्वी लवूने निळूला आणलं, तेव्हा तो कोळी फिल्मच्या रोलच्या डबीत मावत होता. मुगाचा दाणा आणि त्याला पाय. बोटीवरच्या कुणा दोस्ताने दिलेला. परमुलखात हौशी माणसं पाळतात म्हणे, आपण पोपट पाळतो तसा. बघता बघता तो तळहाताएवढा झाला. लवूने काचेच्या पेटीत माती भरून दिली, तर त्याने त्यात खोल बीळ केलं आणि आत जो बसला तो बसला. महिना महिना दिसायचा नाही. दिसायचा तो रागातच. पाण्याची वाटी ठेवायला चिमटा आत घातला की पुढचे पाय उभारून अंगावर यायचा, दात चिमट्यावर टक् करून वाजायचे. आणि पाय निळे. असे निळे की देवळात बुवा देवाच्या सावळ्या रूपाचं वर्णन करू लागले, की मागे झांज धरून बसलेल्या काशीरामाच्या डोळ्यांसमोर नको ते यायचं. तो मनात देवाची माफी मागायचा आणि झांजेचा ठेका चुकायचा.

लवू स्वतःच म्हणाला होता, "पुन्हा असला प्राणी घेणार नाय, बाबा. दिसत नाय तेव्हा भीती, दिसला की त्याहून भीती. पण घेतला तो घेतला. मारवत नाय."

लवू बोटीवर गेला आणि निळू काशीरामाच्या वाट्याला आला. म्हातारा रोज चपला झटकून घालू लागला. उशी दोनदा उलटून बघू लागला. आंघोळीच्या पाण्याचा थेंब पाठीवरून ओघळला तरी दचकू लागला. एकदा चिमट्यावरचा तो टक् आवाज सुनेने ऐकला. राही तेव्हा पोटुशी होती. ती मागे सरली ती दारावर आपटली, आणि त्याच आठवड्यात माहेरी लांज्याला गेली. निरोप आला, तो घरात आहे तोवर मी बाळ घेऊन त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. यात तिचं काय चुकलं? काशीरामालाही पळून जायला माहेर असतं तर तो गेला असता.

आणि परवा सकाळी बिळाच्या तोंडाशी तो पडलेला दिसला. पाय आक्रसलेले, फिका निळा. काशीरामाने जन्मभर आंब्याच्या पेट्या ठोकल्या होत्या. भरलेली कोणती, रिकामी कोणती, हे त्याचा हात न बघता सांगे. शिवाय बुवांनी गेल्याच एकादशीला कीर्तनात सांगितलं होतं, प्राण गेला की देह म्हणजे रिकामी पेटी, वजन उरतं ते आपल्या मोहाचं. मग शंका कसली घ्यायची? आंब्याच्या मुळाशी खड्डा केला, वर तुळशीचं पान ठेवलं, आंघोळ केली. थोडं रडूही आलं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. आणि लांज्याला फोन केला, "राही, पोरी, गेला तो. मी माझ्या हाताने पुरला. देवाशपथ सांगतो. ये तू."

सव्वा महिन्याचं बाळ घेऊन राही काल आली. आईला, मालनबाईंना, सोबत घेऊन.

देवाशपथ. तो शब्द चढावर काशीरामाच्या छातीत काट्यासारखा फिरत होता.

अंगणात चपलांचा ढीग पडला होता. आत बायकांची कुजबुज, बांगड्या, कुणीतरी पाळण्याच्या दोरीला फुलं बांधत होतं. काशीराम आत गेलाच नाही. बाजूच्या पडवीत सकाळी त्यानेच काचेची पेटी आणून ठेवली होती, माती उपसून धुवायची म्हणून. ती तिथेच होती. जाळीचं झाकण नव्हतं.

"विहीणबाई," त्याने खिडकीतून हाक मारली, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून. "इथली जाळी कुणी नेली काय?"

"ती होय? मी घासून घेतली," मालनबाई आतून म्हणाल्या. "घुगऱ्यांवर झाकलीय. माश्या किती घोंघावतायत. का हो, हवी होती?"

"नाय, नाय. असूदे."

मागितली असती तर का म्हणून विचारलं असतं. का ते सांगितलं असतं तर राही उठली असती.

तो वाकला. बिळाच्या तोंडावर ताजं पांढरं जाळं होतं. म्हणजे आत होता. अजून आत होता. काशीरामाने श्वास सोडला आणि तेवढ्या वाऱ्याने जाळं हललं. काळोखातून आधी एक पाय आला, मग दुसरा. नव्या कोऱ्या पितळेला चमक असते तशी त्या निळ्याला चमक होती. आधीपेक्षा दीडपट तरी मोठा. तो सावकाश काच चढू लागला.

काशीरामाच्या हाताला लागलं ते त्याने उचललं. पडवीत त्याच्याच हातच्या पेट्यांची तयार झाकणं रचलेली होती. एक काचेवर दाबलं, आणि बसवता बसवताच त्याला कळलं आपण काय केलं. दोन फळ्या आणि त्यांच्यामधे बोटभर फट. आंब्याला वारा लागतो. फट ठेवली नाही तर फळ कोंडून नासतं. गेली चाळीस वर्षं त्याने एक झाकण बिनफटीचं ठोकलं नव्हतं.

फटीतून निळ्या पायाचं टोक वर आलं.

त्याने खांद्यावरचं उपरणं ओढून घडी केली, फटीवर टाकली आणि दोन्ही तळहात शेजारी शेजारी दाबून धरले. फट झाकायला दोन्ही लागत होते. गुडघे टेकून तो तसाच बसला. उपरण्याखाली काहीतरी हललं. आधी उजव्या हाताखाली. मग डाव्या. आंधळ्याने भिंत चाचपावी तसं.

घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात नव्हता. देवाचं नाव घ्यावं तर आठवेना. बुवा म्हणत, भ्यालेल्याने घेतलेलं नाव देवाला आधी पोचतं. पण भ्यालेल्याला नाव आठवावं कसं, ते बुवांनी सांगितलं नव्हतं.

"आजोबा कुठे गेले?" आत कुणीतरी विचारलं. "नाव त्यांनीच सांगायचंय ना?"

"देवळात झांज वाजवायला गेले असतील," दुसरी म्हणाली, आणि बायका हसल्या.

"फोनला गेलेत ते," राहीचा आवाज. "थांबा, बघते मी."

तिची पावलं त्याला ओळखू आली. पडवीच्या दारात ती उभी राहिली. नवं हिरवं लुगडं, हातांवर टोपडं घातलेलं बाळ, चेहरा फुललेला. "बाबा, इथे काय करताय? चला ना, सगळ्या खोळंबल्यात. हिने तर पाळण्यात नाच मांडलाय नुसता." आणि ती पुढे आली.

एक शब्द खोटा बोलला असता तर निभलं असतं. कंबरेत चमक भरली, तू हो पुढे, मी येतो. ओठांवर आलंही होतं. पण तिने आणखी एक पाऊल टाकलं, आणि बाळाचा लोंबता पाय त्या पेटीच्या दिशेने हलला.

"तिथंच थांब, पोरी."

सुनेला त्याने असा आवाज कधी लावला नव्हता. ती थांबली.

"मेला नाय तो. मी पुरली ती कात होती. आता लवूने सांगितलान." त्याने मान खाली घातली. "माझ्या हाताखाली आहे. मी खोटी शपथ घेतली, पण मला ठाऊक नव्हता."

राहीने आधी बाळाचे पाय पदरात ओढून घेतले. मग त्याचे हात बघितले. तळवे जागचे हलत नव्हते.

"चावला का तुम्हाला?"

"नाय अजून."

"जाळी आणून देऊ?"

"नको. काढायला गेलीस तर बायका विचारतील. पोरं बघायला धावतील, आणि मला हा हात सोडून जाळी बसवता येणार नाय." त्याने बाळाकडे बघितलं. "तू आधी बाळाला घेऊन नीघ. मग बघू काय करायचा ते. वजीरभाई येतील."

ती वळली. आत तिचा आवाज आला, सपाट, "आई, बाळाच्या अंगात कणकण वाटतेय मला. आपण लांज्याला जाऊया." बायकांची हळहळ, मालनबाईंचे प्रश्न, दृष्ट लागली असेल हो, मीठमोहऱ्या ओवाळा. पडवीबद्दल राही एक अक्षर बोलली नाही. पोरांना मात्र तिने घुगऱ्या देऊन पुढच्या अंगणात हाकललं. काशीराम ऐकत होता आणि त्याला वाटलं, पोरीने आपली अब्रू पदराखाली घेतली, बाळाशेजारी.

रिक्षा आली. मालनबाई पिशव्या घेऊन बसल्या. राही बसली नाही. ती अंगणात तुळशीपलीकडे येऊन उभी राहिली, पडवी समोर दिसेल अशी. त्याहून जवळ आली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "नाव तुम्हालाच ठाऊक आहे."

काशीरामाच्या मनात होतं ते असं नव्हतं. पाळण्यावर वाकायचं, टोपडं जरा सारायचं, कानाशी तोंड न्यायचं आणि फुंकर घालावी तसं ते सांगायचं. मग बायकांनी पाठीत धपके घालायचे आणि आपण खोटं खोटं ओय ओय करायचं. चढावर येईपर्यंत त्याने ते ओय ओयसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

उपरण्याखाली पुन्हा हललं. तो आणखी दाबून बसला.

राहीने बाळाच्या कानावरचं टोपडं बाजूला केलं आणि वाट बघत राहिली.

"सानवी," काशीराम म्हणाला. आवाज फाटला. वाऱ्यावर माडांची सळसळ होती, तिच्यापर्यंत पोचला नसावा. त्याने कीर्तनात गजर उचलताना घेतात तसा श्वास पोटातून घेतला. "सानवी. हिच्या बापाने ठेवलान. सानवी."

आळीतल्या खिडक्यांतून माणसं डोकावली. राहीने मान हलवली, वाकली, आणि तेच नाव लेकीच्या कानात सांगितलं.

मग ती रिक्षात बसली. वळणावर बाळाचा हात धरून तिने तो काशीरामाच्या दिशेने हलवला. अंगणातल्या सगळ्या बायकांनी हात केले. निरोपाला हात उचलायचा असतो. काशीराम दोन्ही तळवे फटीवर ठेवून बघत राहिला, रिक्षाचा आवाज खाली खाडीकडे उतरून विरेपर्यंत.