काळ्या कोटाचा गणंग

दात सांभाळून ऐका, मी गणंग बोलतोय. कितीही भिजवा, कितीही शिजवा, डाळीत एखादा उडीद दगडच राहतो ना? तो मी. जन्म खानदेशातला, मुक्काम सुरतेला, पांडेसऱ्यात. अंगात काळा कुळकुळीत कोट. लिहिता-वाचता येत नाही, पण दाढ हलवता येते.

गोणीतून आलो तो चिंधाआप्पाच्या खोलीत. आप्पा कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. संध्याकाळी घरी यायचा तो कधी हिरवा, कधी जांभळा. त्याची बायको शोभाबाई. गावी ती आम्हाला कोटासकट दळून कळण्याची भाकरी करायची. सुरतेत शेजारणी हसल्या, "केवी काळी रोटली!" तेव्हापासून बाई आम्हाला भिजवायची, चोळचोळ चोळायची, नागडं करून पांढरंशुभ्र शिजवायची. माझे भाऊ लाजून मऊ झाले. मी कसला होतोय! बाईची बोटं दुखली, माझ्या कोटाचं एक बटण निघालं नाही. वैतागून तिनं मला सालांच्या ढिगात भिरकावलं.

तो ढीग उचलला तिच्या लेकीनं, योगितानं. पोरगी कालेजात सायन्स शिकायची. आप्पानं बजावलं होतं, "कालेजाच्या परदर्शनात नंबर आला तर शीक. नाहीतर आईसंगं साड्यांना टिकल्या लाव."

योगितानं सालं वाळवली. दोन बाटल्यांत एकाच डब्यातलं शेंगदाण्याचं तेल भरलं आणि एकीत सालं घातली. त्यांच्यात मीपण, फुकटचा पाहुणा. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आम्ही पत्र्यावर उन्हात पडून. हवा-ऊन खाऊन तेल खवट होतं. पण आमच्या कोटात असा काही रस असतो, की हवेचा मार तो आधी आपल्या अंगावर घेतो. योगिता त्याला अँटिऑक्सिडंट म्हणते. एवढं लांब नाव घेईस्तोवर तेल खवट व्हायचं!

परदर्शनाच्या सकाळी पोरगी पुढं गेली, बाटल्या आईनं आणायच्या होत्या. शोभाबाईनं बघितलं, तेलात काळा गाळ! सायबांपुढं असला कचरा? तिनं तेल गाळलं, बाटली घासून लख्ख केली, तेल परत भरलं. सालं चिंधीत बांधली, शेगडी पेटवायला होतील म्हणून पिशवीत टाकली आणि घाईत बाटल्या न्यायला तीच पिशवी उचलली.

टेबलावर बाटल्या बघून योगिताचं तोंड पांढरं पडलं. "आई, सालं कुठं गेली?"

"गाळी टाकी व माय. कचरा व्हता."

"अगं, तोच माझा प्रयोग होता!"

तेवढ्यात तपासणारे सर आले. जाडा चष्मा, कडक इस्त्री. पहिली बाटली हुंगली आणि दोन पावलं मागं सरकले. "अरे बाप रे!" दुसरी हुंगली. परत हुंगली. मग कपाळाला आठ्या. "आ तो ताजुं तेल छे. आज सवारे भरलंस काय, बेन?"

योगिताच्या डोळ्यांत पाणी. बाकावर बसलेला आप्पा उठला, "चाल घर. बस झालं शिकणं."

तशी शोभाबाई पुढं झाली. चिंधी सोडून सगळा गाळ टेबलावर उपडा केला. "मनी आंडेर चोर नही शे, भाऊ! माझी लेक खरी आहे. चूक माझी. हे बघा, यातनंच गाळलं मी."

सरांनी सालं चिमटीत दाबली, आतपर्यंत मुरलेलं तेल निथळलं. हुंगली, खवट वास नाही. "एक रातमां आवुं न थाय," ते पुटपुटले. खात्रीला म्हणून चिमूट तोंडात टाकली.

चिमटीत कोण होतं? हॅ हॅ! कट्ट!

सर गाल धरून वाकले. अख्खा हॉल खो खो हसला, आणि सगळ्यांत शेवटी सरही. "बेन," म्हणाले, "ह्या दाण्यावर माझी दाढ गेली. पण पहिला नंबर तुझाच."

आप्पा हिरव्या बोटांनी डोळे पुसत बसला, गालपण हिरवे करून घेतले. मग म्हणाला, "टिकल्या मी लावीन तुझ्या आईसंगं. तू शीक."

त्या रात्री शोभाबाईनं कळण्याची भाकरी केली, काळीभोर, आणि हसणाऱ्या शेजारणींच्या दारात स्वतः नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी त्याच बाया पीठ मागायला आल्या!

मी आता कालेजाच्या कपाटात, काचेच्या डबीत राहतो. चिठ्ठीवर माझं नाव आहे म्हणतात. असेल. तुम्ही एवढंच करा, माझ्या भावांचे कोट उगाच उतरवू नका. आणि घासात माझ्यासारखा कोणी भेटलाच, तर शिव्या देऊ नका. आधी सलाम ठोका, दाढेचं मग बघू.