खांद्यापासून मनगटापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. बांबूची, शेणामातीने सारवलेली. दिघाशी गावच्या बुधाने त्याच्या लग्नाच्या वर्षी मला भात साठवायला विणलं.

या घराची कमाई माझ्या पोटात मोजली जायची. वरून हात घालायचा. मनगटाशी भात लागला तर मजा. कोपराशी लागला तर जपून. खांद्यापर्यंत हात गेला की बिऱ्हाड वीटभट्टीवर. दरवर्षी पौषातच खांदा यायचा. पोरांची शाळा सुटायची आणि मी बंद घरात उंदरांबरोबर.

थोरली पोर पूर्वा दहावीला होती त्या वर्षी बुधा बाजारात गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, मंगळीने, सगळा भात उपसला. तळाशी पेंढा दाबून भरला, वर भात ओतला. मला म्हणाली, "बोललीस तर चुलीत घालीन."

मी कशाला बोलतेय?

पौषात बुधाने हात घातला. "यंदा कोपरच? बरकत हाय."

"हाय ना," मंगळी म्हणाली. "मंग ऱ्हाऊ. पोरीची परीक्षा होऊ दे."

महिन्याभराने त्याच्या हाताला पेंढा लागला.

"मंगळे, ह्ये काय?"

"पेंढा."

"त्ये दिसतंय मला."

पण भट्टीवर तोवर दुसरी माणसं लागली होती. बुधा सायकल काढून पूर्णा गावच्या गोदामात खोकी उचलायला गेला. तिथे पावसातही काम होतं. तो भट्टीवर परत कधी गेलाच नाही. पूर्वा पास झाली, पुढे शिकली. आज त्याच गोदामात अख्खी शिफ्ट तिच्या हाताखाली आहे. पगार बँकेत येतो.

भात अजून माझ्यातच, पण मी अडगळ वाटू लागले. धाकटा विवेक म्हणाला, "प्लास्टिकचा ड्रम आणू, हिला टाका."

त्याच आठवड्यात क्षितिजा नावाची मुलगी टॅब घेऊन आली. देशात घराघराची कमाई किती बदलली, ते विचारत फिरत होती.

"मावशी, दहा वर्षांपूर्वी किती यायचं?"

"खांदा," मंगळी म्हणाली.

"म्हणजे?"

मंगळीने पेंढ्याची सगळी गोष्ट सांगितली. मग माझ्यात हात घातला. "आता बघ. आषाढ हाय, आन् मनगट."

"मावशी, हे फॉर्ममध्ये कुठं लिहू?"

"मी सांगते आकडा," पूर्वा हसत म्हणाली. मग विवेककडे वळली. "आणि तू शेण आण. कणगी सारवायचीय."

विवेक घमेलं घेऊन गेला. मित्रांनो, आज मी नव्यासारखी दिसतेय.

तुमच्या घरातली जुनी वस्तू टाकायची असेल, तर खुशाल टाका. पण आधी एकदा तिच्यात खांद्यापर्यंत हात घालून बघा. तळाशी तुमच्या आईने काय दाबून ठेवलंय, कुणाला ठाऊक.