वरातीमागून आलेला काळ्या

मी धूड बोलतेय. लंडनजवळच्या मेडनहेडच्या एका बऱ्यापैकी घराच्या ड्राइव्हवर उभं असलेलं, डायनिंग रूमची खिडकी झाकून टाकणारं धूड. हे नाव घरच्या बाईनं, सुहासिनीनं ठेवलंय. तिचा नवरा मुरलीधर मला 'टॉय हॉलर' म्हणतो. म्हणजे काय, तर चाकांवरचं घर. पुढे बिछाने, शेगडी, एवढीशी मोरी, आणि मागे गॅरेज. मागची भिंत खाली पाडली की तिचाच उतार होतो आणि स्कूटर, मोटरसायकल, काय हवं ते त्यावरून आत चढवता येतं. सगळं आहे हो माझ्याकडे. फक्त इंजिन नाही. पुढे कुणीतरी ओढणारा असल्याशिवाय मी इंचभर हलत नाही.

आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. लपवायचं कशाला?

माझा जन्म उत्तर इंग्लंडमधला. घोडे न्यायचे ट्रेलर बांधणाऱ्या एका कारागिरानं १९९९ साली मला बांधलं, टेरी नावाच्या माणसासाठी. टेरी चिखलातल्या मोटरसायकलच्या शर्यती खेळायचा. त्याची एक म्हातारी, पत्र्याला पोचे आलेली जीप मला ओढायची. खोकायची, धूर सोडायची, पण कधी सोडून गेली नाही. सहा वर्षं आम्ही हिंडलो. मग टेरीचे गुडघे गेले आणि त्यानं मला विकायला काढलं.

२००५च्या सप्टेंबरात त्यानंच मला इथे आणून सोडलं. हूक काढला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि जीप घेऊन गेला. मुरलीधर नवरदेवासारखा हसत उभा होता. त्यानं माझा हँडब्रेक कचकचून वर ओढला. सुहासिनी दारात आली.

"मुरली, हे ओढणार कोण?"

"घेऊ की काहीतरी."

"आपली गाडी किराणा आणताना धापा टाकते. आधी हे धूड, मग ओढणारा? वरातीमागून घोडं!"

ती बोलली ते खोटं नव्हतं. पण मुरलीधरचं एक स्वप्न होतं. त्याच्या वडिलांची, काशीनाथरावांची, १९७४ सालची फिकट निळी स्कूटर त्यानं बोटीनं पुण्याहून इकडे आणली होती. वेल्समध्ये समुद्राकाठी दर जुलैत जुन्या स्कूटरवाल्यांचा मेळा भरतो. स्कूटर माझ्या पोटात घालायची, तिथे जाऊन राहायचं आणि बाबांना त्यांच्याच स्कूटरवर समुद्राकाठी फिरवायचं, असा शब्द त्यानं फोनवर देऊन टाकला होता. बाबांनीही पुढच्या जून-जुलैचं तिकीट काढलं.

मग सुरू झाला स्थळं बघायचा कार्यक्रम. पहिला आला तो लाल, चकचकीत, पण ओढायची ताकद दोन टनांची. मी भरल्या पोटी अडीच टनांच्या वर. "नाकापेक्षा मोती जड," म्हणत सुहासिनीनं त्याला वाटेला लावलं. दुसरा एका शेतकऱ्याचा. आत मेंढ्यांचा वास, दाराला दोरी, पण ताकदीला तोड नाही. मला तो बघताक्षणी आवडला. सुहासिनीलाही. मुरलीधरनं नाक मुरडलं. जानेवारीत त्यानं आणला तिसरा. काळा कुळकुळीत पिकअप, पुढे चांदीसारखी जाळी, तीन टन ओढणारा.

तोच हा काळ्या.

काळ्या आला आणि मुरलीधर मला विसरला. दर रविवारी काळ्याला आंघोळ, वर मेण, वर मऊ फडकं. माझ्या छपरावर शेवाळ धरलं तरी कुणाला पत्ता नाही. काळ्या ऑफिसला जातो, काळ्या साउथॉलच्या देशी बाजारात मेथी आणायला जातो. अहो, मेथी! तीन टन ओढणारा गडी दोन जुड्या मेथी घेऊन येतो आणि माझ्यासमोर ऐटीत उभा राहतो. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदाच आम्हाला जोडलं, तेही फोटोपुरतं. मग मुरलीधर माझ्या आत बसून इन्शुरन्सवाल्यांना फोन करत होता. पलीकडून विचारलं, ड्रायव्हिंगची टेस्ट कधी पास झालात? "टू थाउजंड," तो म्हणाला. पलीकडचं ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

गोम अशी होती. या देशात १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्याला माझ्यासारखं जड काही ओढायचं तर वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्याआधीच्यांना ती मुभा आपोआप मिळालेली. आणि सुहासिनी भूल देणारी डॉक्टर म्हणून वेल्समधल्या कार्डिफला आली १९९४ साली, टेस्ट पास झाली पंच्याण्णवला. नवरा लग्नानंतर, तिच्या व्हिसावर इकडे आला. हे कुणी बोलून दाखवलं की त्याचा चेहरा कसनुसा व्हायचा.

"अरे, मग सोपं आहे," सुहासिनी म्हणाली. "मी चालवते."

"तू नको. क्लच जड आहे त्याचा. तुला झेपायचा नाही."

"मुरली, मी पंधरा वर्षं माणसं झोपवते आणि जागी करते. क्लच काय घेऊन बसलास?"

"मी परीक्षा देतो म्हटलं ना!"

दिली. त्यासाठी शिकवणी लावली, आणि तिथे माझ्या नाकाला खऱ्या मिरच्या झोंबल्या. शिकवणीवाल्यांचा स्वतःचा ट्रेलर होता. म्हणजे दर शनिवारी माझा काळ्या जाऊन दुसरीलाच ओढायचा! संध्याकाळी परत यायचा तेव्हा त्याच्या हुकाच्या गोळ्यावर, जिथे माझं तोंड बसायचं तिथे, तिचं ग्रीस माखलेलं. मी समोर उभी, आणि याला लाज नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं, आता हा आला तरी मी हलायची नाही. चाकं घट्ट धरून बसले.

मुरलीधर एप्रिलमध्ये नापास झाला. रिव्हर्स घेताना खांब पाडला. जूनमध्ये पुन्हा नापास, पुन्हा तोच खांब. पुढची तारीख मिळाली ऑगस्टची. काशीनाथरावांचं परतीचं विमान जुलैच्या शेवटच्या मंगळवारचं. मेळा त्याच्या आदल्या शनिवारी.

काशीनाथराव आले. बहात्तर वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पत्नी गिरिजाबाई तीन वर्षांपूर्वी गेलेल्या. उन्हाळा असा की ड्राइव्हच्या कडेचं गवत पिवळं पडलं होतं. रोज दुपारी ते चहाचा कप घेऊन माझ्यात यायचे, स्कूटर पुसायचे, माझीही फरशी पुसायचे. इतक्या महिन्यांनी मला कुणी फडकं लावलं. मेळ्याचं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मुरलीधरही विषय काढेना.

शुक्रवारी संध्याकाळी सुहासिनी हॉस्पिटलमधून सरळ माझ्यातच आली. तिघंही आत.

"उद्या शेवटची संधी आहे," ती म्हणाली. "एम फोर हायवेनं सरळ वेल्स. तो रस्ता मला पाठ आहे. मुरली, किल्ली दे."

"तुला सांगितलंय ना, क्लच जड आहे."

"ठीक आहे. मग बाबांना तूच सांग, का नाही जायचं ते." ती उतरून घरात निघून गेली.

काशीनाथराव स्कूटरचा आरसा पुसत होते. पुसतच राहिले.

"मुरल्या, तुझ्या आईला ही चालवता यायची. ठाऊक आहे तुला?"

"आईला? स्कूटर?"

"माझी रात्रपाळी असायची. मी दिवसा झोपलो की ही मागच्या मैदानात शिकायची. एक दिवस मी पाहिलं. झक्क चालवत होती रे! माझ्यापेक्षा सफाईनं वळवत होती. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, क्लच जड आहे, तुला झेपायचा नाही. आणि किल्ली कनवटीला लावली. तीस वर्षं ती मागे बसली, एका बाजूला पाय सोडून. पुन्हा कधी मागितली नाही तिनं." म्हाताऱ्यानं फडक्याची घडी घातली. "क्लच काही जड नव्हता. मला सोसलं नाही, एवढंच. आता किल्ली द्यायची म्हटलं तर द्यायची कुणाला?"

मुरलीधर उतरला आणि गेला.

सकाळी सहाला सुहासिनी डायनिंग रूममध्ये चहा घ्यायला आली, तर तिच्या कपाशेजारी काळ्याची किल्ली होती. तिनं किल्लीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "बिस्किटं घेतलीस का बरोबर?" एवढंच म्हणाली.

स्कूटर माझ्या पोटात बांधली. काळ्या मागे मागे येत माझ्या पुढ्यात थांबला, सुहासिनीनं एका दमात आणला. हूक बसला. मुरलीधरनं माझा हँडब्रेक खाली केला. तिनं क्लच सोडला, काळ्यानं जोर लावला आणि माझी चाकं जागची हलली नाहीत. नुसती फरफटली खडीवर. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच.

दहा महिने ओढून ठेवलेला ब्रेक आतून धरला होता. मला मात्र ठाऊक होतं, मीच धरून बसले होते. काळ्यावरचा राग. तो आला तर हलायची नाही म्हणत होते ना? घ्या! आला होता तो, आणि आत म्हाताऱ्याची स्कूटर होती, आणि मला सोडायचं होतं तर सुटता येईना. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

"राहू दे," मुरलीधर म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सुटका होती, खोटं कशाला बोलू. "नशिबातच नाही."

"नशिबाला काय झालंय?" काशीनाथराव धोतर खोचून खाली बसले. "हातोडा आण. आणि आधी लाकडाचा ठोकळा आण, पत्र्यावर घाव नको. उभी राहून राहून रुसलीय, दुसरं काही नाही. सुहास, तू हळू पुढे घे, हळू मागे." आणि माझ्या चाकाला हात लावून पुटपुटले, "सोड बाई. पुरे झालं."

एक ठोका. दुसरा. तिसऱ्याला टण्ण वाजलं आणि मी सुटले.

काय सांगू तुम्हाला! काळ्यानं मला असं अलगद उचललं की टेरीच्या जीपनंही कधी उचललं नव्हतं. एकही हिसका नाही. त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात पहिल्यांदा 'अहो' म्हटलं.

समुद्र दिसला तेव्हा दुपार झाली होती. गवताच्या मैदानात शेकडो स्कूटरी. माझी मागची भिंत खाली आली, निळी स्कूटर उतरली. चौथ्या किकला सुरू झाली. मुरलीधरनं वडिलांसमोर हँडल धरलं.

"बसा बाबा."

काशीनाथरावांनी मान हलवली. "सुहास, तू पुढे बस."

"मी? बाबा, मी कधी स्कूटर..."

"मैदान आहे. शिकशील. क्लच हलका आहे."

ती पुढे बसली. ते मागे बसले, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून.

"बाबा, दोन्हीकडे पाय टाका, पडाल!"

"पडत नाही. तुझी सासू तीस वर्षं अशीच बसली. कधी पडली नाही."

स्कूटर हिसके देत निघाली, मग सरळ झाली आणि पार मैदानाच्या टोकापर्यंत, जिथून समुद्र दिसतो तिथपर्यंत गेली. मुरलीधर माझ्या उतारावर उभा होता. तो चेहरा मी बरोबर ओळखला. माझाच होता तो. जळत होता बिचारा. पण टाळ्याही वाजवत होता, मोठमोठ्यानं, डोळे पुसत.

आता २००९ उजाडलंय. मुरलीधर तिसऱ्या खेपेला पास झाला. जाताना तो चालवतो, येताना ती. काशीनाथराव गेल्या वर्षी पुण्यात वारले. त्या उन्हाळ्यात पुण्याला परतण्याआधी त्यांनी माझ्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवलंय: 'उभी करताना ब्रेक ओढून ठेवू नये. चाकांना लाकूड लावावे. काशीनाथ.' सुहासिनी दर वेळी ते वाचते आणि लाकूड लावते. तेव्हापासून माझी चाकं एकदाही धरली नाहीत.

जळणं? ते कुठे जातंय हो? आत्ताच काळ्या मेथी आणायला गेलाय. जाऊ दे. माझी एकच विनवणी आहे. त्याच्या हुकाच्या गोळ्यावर काळं प्लास्टिकचं टोपण मिळतं, ते घालून पाठवत जा त्याला. आणि आला की माझ्या पुढ्यातच उभा करा, तोंड रस्त्याकडे करून. बाकी माझं काही म्हणणं नाही.